झाकण उघडणार कोण?

मामा आधी टोपी काढून मांडीवर ठेवायचे. मग हळदीच्या पाण्यानं भरलेला, वरून प्लॅस्टिकची फिल्म चिकटवलेला जेवणाचा ट्रे दोन्ही हातांत धरायचे आणि थेट स्वतःच्या टकलावर उलटा करायचे. डोळे मिटून एक ते वीस मोजायचे. अंगात पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, आणि समोर आम्ही बायका श्वास रोखून उभ्या. वीस झाले की कपाळावरून हात फिरवायचे, तो कोरडा हात आम्हाला दाखवायचे आणि म्हणायचे, "आधी आपल्या डोक्यावर, मग गिऱ्हाइकाच्या."

विक्रेते तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. कुणी बादली आपटून दाखवतो, कुणी साडी ओढून दाखवतो. पण माल फसला तर पहिली फजिती आपलीच व्हावी, अशी सोय करून ठेवणारा विक्रेता मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि फजिती व्हायचीच. आमच्याच खोलीत ते दोनदा पिवळेधमक झाले. भंडाऱ्यात न्हाल्यासारखे वडवणीच्या स्टँडपर्यंत चालत गेले, आणि वाटेत ज्यानं विचारलं त्याला सांगत गेले, "ह्या लॉटची फिल्म घिऊ नका बरं."

त्यांचं दुकान असं काही नव्हतं. बीडच्या घरातच ट्रे आणि फिल्मचा माल ठेवायचा आणि एका खाकी पिशवीत नमुने घालून एसटीनं फिरायचं. आज मांजरसुंब्याच्या धाब्यांवर, उद्या आमच्याकडे. नाव त्यांना होतंच, पण आम्ही सगळ्या त्यांना मामा म्हणायचो आणि मामा म्हणूनच ते माझ्या लक्षात आहेत.

आमची ओळख झाली ती इस्त्रीमुळे. आम्ही वडवणीतल्या नऊ बायकांनी मिळून जेवणाचे डबे पुरवायचं ठरवलं होतं. अध्यक्ष मी, कारण माझा आवाज सगळ्यात मोठा. ट्रेला वरून प्लॅस्टिक चिकटवतात एवढं आम्हाला ठाऊक होतं. कशानं चिकटवतात ते ठाऊक नव्हतं. मग केशरनं घरची इस्त्री आणली, प्लॅस्टिकवर जुनं लुगडं अंथरलं आणि दाबली. वास सुटला तेव्हा नेमके मामा दारात उभे. कुणाकडून तरी आमचं नाव ऐकून आले होते. त्यांनी आत येऊन लुगडं उचललं. प्लॅस्टिक लुगड्याला चिकटलं होतं आणि ट्रे उघडाच होता.

"ताई," ते मला म्हणाले, "झाकण झ्याक बसलंय. पण लुगड्याला."

मला राग आला होता. तरी हसू आवरेना, म्हणून त्यांना बसायला सांगितलं आणि चहा टाकला.

चहा येईपर्यंत त्यांनी पिशवी उघडली नाही. आधी पाच प्रश्न विचारले. तेच पाच प्रश्न ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत, हे मला मागाहून कळलं. "आत काय घालणार? गरम का गार? त्याल किती? किती लांब जाणार?" इथपर्यंत ठीक होतं. पाचवा प्रश्न होता, "अन् उघडणार कोण?"

"ज्याला भूक लागली तो!" मी म्हणाले.

"त्याचं हात कसं हायत?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी मनात म्हटलं, माणूस भला दिसतोय पण एखादा स्क्रू ढिला आहे.

ट्रे निवडताना आम्ही त्यांना बेजार केलं. मला आरपार दिसणारा ट्रे हवा होता. आमच्या मटकीच्या उसळीचा रंगच असा की तो झाकून ठेवणं पाप. मामा नको म्हणत होते. मी ऐकलं नाही, कढईतली उसळ त्यात ओतली आणि माझ्या डोळ्यांदेखत तो ट्रे आकसला, वाकला आणि एका अंगावर लवंडला.

"ह्यो गार मिठाईचा ट्रे हाय, ताई," मामा म्हणाले. "मांजरसुंब्याच्या रबडीला लई बेस. पर ह्याला गरम सोसत न्हाई. तुमच्यावानीच हाय ह्यो."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अध्यक्षाचा मान तेव्हाच गेला तो पुन्हा कधी आला नाही.

मग त्यांनी तपकिरी, खरखरीत ट्रे काढला. म्हणाले, उसाच्या चिपाडाचा आहे, मातीत टाकला की मुरून जातो. केशरनं तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि दूर सारला. केशर म्हणजे आमच्यातली सगळ्यात खमकी. लग्न झाल्यापासून दर वर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी.

"जल्मभर ऊस तोडला," ती म्हणाली. "आता जेवायला बी उसातच का? माज्या डोळ्याम्होरून न्या ते."

मामांनी तिची समजूत घातली नाही. फक्त त्यात आमटी ओतली आणि ठेवून दिला. चहा संपेपर्यंत टेबल ओलं झालं. "आतून पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा आसंल तरच ह्यात रस्सा घालायचा. न्हाईतर पुऱ्या ठिवा," एवढंच म्हणाले आणि टेबल स्वतःच पुसलं.

शेवटी राहिला पीपी नावाच्या प्लॅस्टिकचा काळा ट्रे. गरम सोसणारा आणि तेलाला न भिणारा.

"काळा कावून? संक्रांत हाय का?" केशरनं विचारलं.

पण तोच ठरला. हँडल दाबायचं एक सीलिंग मशीनही मामांनी कुठून तरी जुनं मिळवून दिलं. भाकरी मात्र त्यांनी ट्रेमध्ये घालू दिली नाही. "वाफंनं घाम फुटतो तिला. कागदात गुंडाळा, तिला कोंडू नका," म्हणाले.

खरी गंमत झाकणाच्या फिल्मची. मला वाटायचं, फिल्म म्हणजे फिल्म. मामांनी दोन तुकडे पुढे ठेवले. "फिल्मची आतली बाजू अन् ट्रे एकमेकाला मानवाय पायजे. ही पैली फिल्म तापली की ट्रेमधी विरघळूनच बसती. फाटंल, पर सुटायची न्हाई. ही दुसरी धरून बसती, अन् कोपरा वढला की सोडती. तुमाला दुसरी."

"पहिली घट्ट आहे ना? मग तीच द्या की."

"घट्ट धराया कुणालाबी येतंय, ताई. येळंवर सोडाया बी यावं," असं म्हणून त्यांनी पहिला तुकडा पिशवीत घातला.

पण दुसऱ्या फिल्ममध्येही प्रकार होते, आणि कुठलाही प्रकार ते लॅबच्या परवानगीशिवाय विकत नसत. "लॅबला दावतो, उद्या रिपोर्ट सांगतो," म्हणून आमच्या उसळीचा सील केलेला एक ट्रे घेऊन जायचे. आम्हाला केवढा अभिमान! केशर गल्लीत सांगत सुटली की आमची उसळ बीडच्या लॅबमध्ये जाते, तिथं पांढऱ्या कोटातली माणसं ती तपासतात.

रिपोर्ट मात्र विचित्र यायचे. "लॅब म्हणती, कोपरा बोटभर सोडा, धरायला घावत न्हाई." ठीक. "लॅब म्हणती, वढताना मधीच फाटली. नापास." हेही ठीक. पण एकदा म्हणाले, "लॅब म्हणती, मीठ कमी हाय." मी भडकले. झाकण तपासायला दिलं तर मिठात नाक खुपसायचं काय कारण? आणि एका एकादशीला म्हणाले, "आज रिपोर्ट न्हाई. लॅबला उपास हाय." हा मात्र लॅबवाला फार भाविक असावा असं आम्ही ठरवून टाकलं.

अखेर हिरव्या कोपऱ्याची एक फिल्म लॅबनं पास केली आणि आम्हाला पहिली ऑर्डर लागली. बीडला क्लासला जाणाऱ्या मुलामुलींचं एक होस्टेल होतं, तिथले साठ डबे. तीन दिवस बघणार, पसंत पडलं तर वर्षभराचं काम. आमच्यापैकी आठजणींना ते काम हवं होतं. केशरला त्याची निकड होती. तिनं त्या वर्षी ऊसतोड टोळीच्या मुकादमाला नाही म्हणून सांगितलं होतं. दर वर्षी दिवाळीनंतर तिच्या पोरीची शाळा सुटायची, कारण आई कारखान्याच्या फडात आणि पोर तिच्यामागे. "औंदा पोरगी एका जागी शिकंल," असं ती प्रत्येकीला सांगत होती. टोळी अजून निघायची होती; ऑर्डर गेली असती तर तिला मुकाट जावं लागलं असतं.

पहिल्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी आणि केशर क्रेट घेऊन गेलो. तो रस्ता ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला नाही त्याला सांगून पटायचं नाही. होस्टेलवर क्रेट उघडले तर चार डबे गळालेले, आणि त्यांच्या तर्रीनं बाकीचे माखलेले. मॅनेजर हातभर लांब उभा राहून म्हणाला, "उद्या एक जरी डबा गळाला तर परवा येऊ नका."

मी तिथूनच मामांना फोन लावला. "ती पहिली घट्ट फिल्म द्या."

"ती न्हाई देत, ताई. आधी सांगा, गळाल्याला डबा..."

मी पुढचं ऐकून घेतलं नाही. लॅबच्या नादी लागून आमचं वाटोळं केलंत, असं काहीबाही बोलून फोन ठेवला. बीडमध्येच दुसऱ्या एका विक्रेत्याकडून घट्ट फिल्मचा रोल घेतला. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी एकही डबा गळाला नाही. मी ताठ मानेनं मॅनेजरसमोर उभी. साठ पोरं जेवायला बसली. आणि दहा मिनिटं झाली तरी एकाच्याही तोंडात घास गेला नव्हता.

कोपरा ओढला की चिंधीएवढा तुकडा हातात यायचा, बाकी झाकण जागच्या जागी. एकानं पेन खुपसलं, एकानं किल्ली. एका मुलीनं कंपासमधलं कर्कटक काढलं आणि झाकणाला बारीक बारीक भोकं पाडत बसली. दोघं डबा दोन बाजूंनी ओढत होते. "बे, दातानं फाड," असा एक आवाज आला. दात लावणाऱ्याच्या नाकाला तर्री लागली आणि तो शिंकत सुटला. मॅनेजर म्हणाला, "काय पोरं आहेत! द्या इकडे." त्यानं डबा छातीशी धरला, दोन्ही हातांनी जोर लावला. झाकण अर्ध्यात टरकन फाटलं आणि अख्खी उसळ इस्त्रीच्या शर्टावर गेली.

कुणी हसलं नाही. सगळी हसली असती तर बरं झालं असतं. मॅनेजर शर्टाकडे बघत शांतपणे म्हणाला, "उद्या शेवटचा दिवस आहे तुमचा." केशरनं रिकामे क्रेट उचलले आणि स्टँडच्या रस्त्याला लागली.

मी मात्र परत गेले नाही. मामांच्या बिलावर पत्ता होता. त्यांच्यासमोर नाक घासायची तयारी नव्हती, म्हणून मनात वेगळंच ठरवलं. त्यांच्याकडून त्या लॅबचा पत्ता घ्यायचा आणि लॅबवाल्यालाच जाऊन विचारायचं.

दार लोटलेलं होतं. दोन खोल्या, भिंतीला टेकून फिल्मचे रोल उभे. खिडकीशी खाटेवर एक बाई उशांना टेकून बसल्या होत्या. मांडीवर काळा ट्रे. उजवा हात शेजारी तसाच पडलेला, त्यात जीव नव्हता. मामा फिरतीवर गेले होते.

"बसा," त्या म्हणाल्या. बोलणं थोडं जड होतं. "मी जेवून घेती, मग बोलू."

त्यांनी ट्रे पोटाशी टेकवला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कोपरा चाचपला. हिरवा कोपरा. धरला आणि सावकाश मागे ओढला. झाकण न फाटता, न उडता सबंध निघून आलं. ते त्यांनी नीट घडी करून उशीखाली ठेवलं आणि वरण-भात खाऊ लागल्या.

अर्धं जेवण झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी वडवणीच्या का?"

"हो. कसं ओळखलंत?"

"ह्यांनी सांगितलंय, लई तापट हायत म्हणून. तुमच्या उसळीत मीठ कमी आस्तंय."

म्हणजे लॅब माझ्यासमोर बसून भात खात होती.

मग मामींनी सगळं सांगितलं. लकवा होऊन सहा वर्षं झाली होती. मामा सकाळी स्वयंपाक करून फिरतीला जायचे. "स्टीलच्या डब्याचं झाकण मला निघंना. ताट झाकून ठिवलं तर मांजर माज्या आदी जेवायचं, हाकलाया बी उठता येईना. शेजारीण चांगली हाय. पर रोज दुपारी हाक मारायची, माजा डबा उगड म्हणून? हाक मारूस्तोवर भूक मरायची, बाई. एक दिस मारलीच न्हाई. सांजच्याला हे आलं, तर डबा तसाच. लेकरावानी रडलं हे. तवापसून दुनियेच्या फिल्मी घरात आणत्यात, अन् मी नापास करती."

मला माझीच इतकी लाज वाटली की पाणी पिण्याचं निमित्त करून मी आतल्या खोलीत गेले आणि उगाच उभी राहिले. 'उघडणार कोण' या प्रश्नाला मी काय फाडकन उत्तर दिलं होतं!

तेवढ्यात मामा आले. मला बघून दचकले, मग मामींकडे बघितलं आणि काय ते समजले. फोनवर बोललेलं मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

"गळाल्याल्या डब्याचा काठ बघितलता का?" एवढंच विचारलं.

"काठ?"

"काठाला त्याल आसंल. तेलावर कुणीच चिकटत न्हाई, ताई. मी बी न्हाई अन् तुमी बी न्हाई."

आणि मला केशरचा हात दिसला. उसळ भरून झाली की ती पळीभर तर्री उंचावरून सोडायची, ऐटीत. पंगतीत वाढावी तशी. ते आमच्या घराघरातलं वळण. त्यात चार थेंब काठावर उडायचेच, आणि आम्ही वरून सील करायचो. बिचाऱ्या फिल्मचा दोष काहीच नव्हता.

पुढच्या दिवशी पहाटेच मामा हिरव्या कोपऱ्याचा रोल घेऊन वडवणीत हजर. केशरला म्हणाले, "तर्री आदी घाला, उसळ वरून."

"तर्री खाली?" केशर कडाडली. "मंग ती उसळ हाय का काय हाय? तसल्या उसळीपरीस ऊस तोडलेला बरा!"

मामांनी मग लग्नपत्रिकांचा एक रिकामा खोका मागितला, त्याच्या पुठ्ठ्याला ट्रेच्या तोंडाएवढं भोक पाडलं आणि ती चौकट ट्रेवर ठेवली. काठ झाकला गेला. "सोडा आता, लागंल तेवढ्या उंचावरनं." केशरनं तर्री सोडली. चौकट उचलली तर काठ कोरडा. तरी ते साठही डब्यांचा काठ सुक्या फडक्यानं स्वतः पुसत होते आणि प्रत्येक डब्याला "काठ पुसा, काठ पुसा" म्हणत होते, जणू दुसरंच कुणी पुसतंय.

होस्टेलवर ते आमच्याबरोबर आले. मॅनेजर दारातच उभा होता, जुना शर्ट घालून. मामांनी टोपी काढली, क्रेटमधला एक डबा उचलला आणि डोक्यावर उलटा केला. पोरं धावत जमली. सगळ्यांनी मिळून वीसपर्यंत मोजलं. एक थेंब पडला नाही.

"आता तुमी उगडा," मामा मॅनेजरला म्हणाले. "उजवा हात पाठीमागं. डाव्या हाताची दोन बोटं फकस्त."

मॅनेजरनं भीत भीत कोपरा ओढला. झाकण निघालं. त्यानं आधी शर्टाकडे पाहिलं, मग डब्याकडे, आणि मग बोट बुडवून चाखलं. "मीठ कमी आहे," म्हणाला. मामा माझ्याकडे बघून असे हसले की काय सांगू!

ऑर्डर राहिली. टोळी गेली, केशर गेली नाही, आणि तिची पोर त्या वर्षी एकाच शाळेत एकाच बाकावर बसली.

मामांना जाऊन आता वर्ष होत आलं. मांजरसुंब्याला फिरतीवर असतानाच छातीत दुखलं आणि बीडला आणेपर्यंत सगळं संपलं. त्यांची खाकी पिशवी मामींच्या खाटेशी तशीच टांगलेली आहे. त्यांच्यामागं दुपारी काय, हा प्रश्न आम्हाला कुणाला विचारावा लागला नाही. साठाचे एकसष्ट डबे झाले. एकसष्टावा मी किंवा केशर वाटेत उतरवतो. मामी उघडतात, जेवतात, झाकण उशीखाली ठेवतात. बोलणं मात्र फार कमी झालं होतं. मीठ कमी आहे असंही म्हणेनाशा झाल्या, आणि मला तेच जास्त लागत होतं.

परवा एका कंपनीचा विक्रेता नवीन फिल्म घेऊन आला. छापील रिपोर्ट होता त्याच्याकडे, शिक्क्यासकट. मी म्हटलं, "नमुना ठेवून जा, आमच्या लॅबला दाखवते." आणि त्या फिल्मचा डबा घेऊन मामींकडे गेले.

मामींनी कोपऱ्याला हात लावला नाही. डबा माझ्याकडे परत सरकवला.

"आदी डोक्यावर धरा," म्हणाल्या.

मी नवी साडी नेसले होते. पण मुकाट्यानं डबा उलटा करून डोक्यावर धरला, डोळे मिटले आणि मोजू लागले. सतरा म्हणाले तेव्हा कपाळावर काहीतरी कोमट टेकलं आणि नाकावरून खाली ओघळलं.

"नापास!" मामी म्हणाल्या आणि हसू लागल्या. मामा गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हणून मी डोळे उघडले नाहीत, डबाही खाली घेतला नाही. तशीच उभी राहून वीसपर्यंत मोजलं.